म्युझियममधली १२० तासांची इंटर्नशिप : माझ्याकडून साडेतीन स्टार

आधी स्टार सांगते, मग रडगाणं. म्युझियमला पाचपैकी साडेतीन, त्याआधी केलेल्या एका एनजीओच्या ऑनलाइन इंटर्नशिपला अर्धा (तो पण ग्रुपमधून लगेच एक्झिट होता आलं म्हणून), आणि नान्नजच्या अभयारण्यातल्या एका रात्रीला पाच. म्युझियमचं आणि एनजीओचं नाव लिहिणार नाही, सोलापूर लहान आहे, पार्क चौकात कोण ना कोण भेटतंच. पण ज्युनियर पोरी सारखं विचारायल्यात की दीदी ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) कुठं करायची, प्रत्येकीला वेगळी व्हॉइस नोट पाठवून पाठवून घसा बसला, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नवीन धोरणात एमएच्या पहिल्या वर्षाला ४ क्रेडिटची ओजेटी नाहीतर फील्ड प्रोजेक्ट असतो. एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे १२० तास कुठंतरी जाऊन काम करायचं आणि तासांच्या शीटवर सही शिक्का आणायचा. कॉमर्सवाले सीएच्या ऑफिसात जातात, केमिस्ट्रीवाले चिंचोळी एमआयडीसीत जातात, इतिहासवाल्यांनी कुठं जायचं हे कुणालाच माहीत नसतं. आम्हाला फक्त एक ‘संबंधितांस’ असं लेटर मिळालं आणि ते प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आम्ही दारोदार. आणि एक, एनएसएसचे तास वेगळे. एनएसएसला दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचा कॅम्प असतो, माझ्या मैत्रिणीला वाटलं ते इकडं लावता येतील, नाही लावले, तिला परत पहिल्यापासून करावं लागलं.

आता तो अर्धा स्टारवाला. इन्स्टावर जाहिरात आलती, ‘घरबसल्या सोशल इंटर्नशिप, सर्टिफिकेट, बेस्ट परफॉर्मरला लेटर ऑफ रेकमेंडेशन’. फॉर्म भरला, पंधरा मिनिटांत सिलेक्शन झालं म्हणून मेल. पंधरा मिनिटांत तर आमच्या गल्लीतला झेरॉक्सवाला आधार कार्डाची झेरॉक्स देत नाही, तिथंच डोक्यात घंटा वाजायला पाहिजे होती. पहिल्या दिवशी ओरिएंटेशन, त्यात गरीब मुलांचे फोटो आणि मागं पियानो. दुसऱ्या दिवशी एक लिंक आली आणि टार्गेट, तीस दिवसांत पाच हजार डोनेशन गोळा करायचं, नातेवाईक मित्र शेजारी कुणाकडूनही. मी विचारलं की मुलांना शिकवायचं कधी, तर कोऑर्डिनेटर म्हणाली की ते ग्राउंड टीम करते, तुम्ही फंडरेझिंग टीम. अगं पण माझी आई विडी वळते, मामा रिक्षा चालवतो, मी लिंक पाठवू कुणाला? शेवटी मावशीनं पन्नास रुपये टाकले, त्याचाही मेसेज आला की ‘कीप पुशिंग’. मी नवव्या दिवशी बाहेर. पैसे गोळा करणं वाईट असं नाही, कुठल्याही संस्थेला पैसा लागतो, पण त्याला इंटर्नशिप म्हणू नका, त्याला वर्गणी म्हणतात आणि आमच्या मंडळाची पोरं ते दरवर्षी करतात, सर्टिफिकेट न घेता.

म्युझियम कसं मिळालं ते सांगते. खरं तर मी आधी भैय्या चौकाजवळ डॉ. कोटणीस स्मारक बघायला गेलते, शाळेत असताना सहलीला गेलते तेव्हा काही कळलं नव्हतं. द्वारकानाथ कोटणीस १९१० चे, सोलापूरचे, १९३८ ला पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यातले एक, आणि १९४२ ला तिकडंच गेले, वय फक्त ३२. तिथं उभं राहून माझ्या डोक्यात आलं की ह्या वस्तू, हे फोटो, ह्याच्या खालची पाटी, हे सगळं कुणीतरी बसून केलं असणार, ते काम नेमकं काय असतं? मग शोधता शोधता एका ट्रस्टचं छोटं म्युझियम सापडलं, जुन्या वाड्यात तीन खोल्या, वर पत्रा, तिकीट दहा रुपये. तिथल्या मॅडमनी लेटर वाचलंच नाही, थेट विचारलं, “अक्षर कसं आहे?” मी वहीवर नाव लिहून दाखवलं. “या मंगळवारपासून, सोमवारी बंद असतं.” झाला इंटरव्ह्यू.

पहिले दहा दिवस सांगायची लाज वाटते. ट्रस्टचा कसलातरी कार्यक्रम होता, मी तीनशे पत्रिकांवर पत्ते लिहिले. अक्षर का विचारलं ते तेव्हा कळलं. चहा आणला, सतरंज्या मोजल्या, एका पाहुण्याच्या गळ्यात घालायची शाल इस्त्रीला नेली. चाळीस तास असेच गेले म्हणजे १२० मधले एक तृतीयांश, आणि शीटवर मात्र ‘संग्रहालय व्यवस्थापन’ असं लिहिलं. एक स्टार इथंच कापलाय.

मग कार्यक्रम संपला आणि मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढलं. ह्याला ॲक्सेशन रजिस्टर म्हणतात, म्युझियममध्ये आलेली प्रत्येक वस्तू त्यात चढते, नंबर, नाव, कशाची बनलीय, लांबी रुंदी, कुणी दिली, कधी दिली, हालत कशी आहे. मॅडमचं म्हणणं रजिस्टर नसलं तर ते म्युझियम नाही, ते भंगारचं दुकान. जुन्या नोंदी कुणीतरी खूप वर्षांपूर्वी निळ्या शाईनं केलेल्या, अर्ध्या पुसट, आणि मला काम दिलं की एकेक वस्तू काढायची, नोंदीशी जुळवायची, मोजायची, फोटो काढायचा आणि एक्सेलमध्ये चढवायचं. मोठ्या सरकारी म्युझियममध्ये ह्यासाठी पुण्याच्या सीडॅकनं बनवलेलं ‘जतन’ नावाचं सॉफ्टवेअर असतं, आमच्याकडं एक्सेल आणि एक लॅपटॉप ज्याचा ‘स’ उमटायचा नाही. सोलापूर लिहिताना रोज वैताग.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी एक नोंद आली, ‘लाकडी खेळणे, होडी, चाकासह, नग १’. खोकं उघडलं. आत दीड वीत लांबीचं लाकूड, दोन्ही टोकं निमुळती आणि टोकाला लोखंडाची टोपी, मध्ये पोकळ, खाली दोन बारकी चाकं, आणि एका बाजूला चिनीमातीचं छोटं पांढरं भोक. मी बघतच राहिले. आम्ही पूर्व भागातले, घरी तेलुगू बोलतो, आमचे नान्ना म्हणजे वडील तीस वर्ष मागावर. हे खेळणं कसलं बे, हा धोटा आहे! बाणा म्हणजे आडवं सूत टाकायला मागावर इकडून तिकडं पळतो तो. मी मॅडमना म्हणलं तर त्या पुण्याच्या, त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाल्या, “नक्की?” मी म्हणलं फोटो काढून नान्नांना पाठवते. नान्ना फोनवर दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले की आमच्या कारखान्यातल्या धोट्याला चाकं नसायची, चाकं आहेत म्हणजे हातमागाचा असणार, तुझ्या आजोबांच्या वेळचा. आणि त्या चिनीमातीच्या भोकाला डोळा म्हणतात, आतल्या कांडीवर गुंडाळलेलं सूत त्यातून बाहेर येतं, घाई असली की तोंड लावून ओढायचो, धूळ सगळी पोटात. हे त्यांनी मला बावीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

मॅडमनी काय केलं ते बघा, त्यांनी जुनी नोंद खोडली नाही. लाल शाईनं बाजूला लिहायला लावलं, ‘धोटा, हातमागाचा. ओळख : यंत्रमाग कामगाराकडून’ आणि तारीख. म्हणाल्या की रजिस्टरमध्ये खोडत नसतात, चूक पण इतिहास असते, पुढच्याला कळलं पाहिजे की आधी आपण काय समजत होतो. हे वाक्य मी नंतर व्हायवात मारलं, एक्स्टर्नल खूश. त्यानंतर दोन आठवडे रोज संध्याकाळी नान्नांना फोटो. मागाची फणी त्यांनी लगेच ओळखली, कांड्या ओळखल्या, एका मिल कामगाराचा पितळी बिल्ला होता त्यावरचा नंबर बघून म्हणाले हा माझ्या नाही, बापाच्या काळातला. सोलापुरात पहिली मिल १८७७ ला निघाली, जिला आपण जुनी मिल म्हणतो, त्या काळापासूनचे असले बिल्ले किती घरांत पडून असतील आणि किती मोडीत गेले असतील. मग एक गठ्ठा निघाला, भोकं पाडलेले पुठ्ठे दोरीनं एकाला एक ओवलेले, नोंद ‘पुठ्ठे, सच्छिद्र’. ही जेकार्डची कार्डं, चादरीवरचा मोर नाहीतर फूल ह्या भोकांवरून उमटतं. नान्नांना विचारलं कुठलं डिझाइन आहे, तर म्हणाले, “ते मला कुठून कळणार, कार्ड मारणारा वेगळा असतो, आम्ही फक्त चालवायचो.” म्हणून रजिस्टरमध्ये डिझाइनचा रकाना अजून रिकामाच आहे. सोलापुरी चादरीला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय म्हणून आपण कॉलर टाइट करतो, पण कार्ड वाचणारा माणूस शोधायला गेलं की हातात काही लागत नाही.

कपड्यांचं काम मला सगळ्यात आवडलं. जुनी चादर घडी घालून ठेवायची नाही, घडीवर सूत तुटतं, ती जाड पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायची. नळीला आधी धुतलेलं मलमल, कारण पुठ्ठ्यातलं आम्ल कापडाला लागतं. ॲसिड फ्री कागद वापरतात खरं पण तो महाग, ट्रस्टकडं नव्हता, मग मलमल. नंबर कापडावर पेनानं लिहायचा नाही, सुती पट्टीवर लिहून ती पट्टी कोपऱ्यात दोन टाक्यांत शिवायची, म्हणजे कधी काढायची झाली तर निघते. कागदावर नंबर फक्त पेन्सिलीनं. डांबर गोळ्या नाहीत, मॅडमचा सक्त विरोध. उजेड पण मोजून, कापड आणि कागदाला ५० लक्सच्या वर नको असं सांगतात, आमच्याकडं मीटर नव्हता तर खिडकीला जुनी काळी छत्री उसवून लावली, खोटं नाही बोलत. आणि डबा खोलीच्या बाहेर खायचा. शेंगाचटणीचा एक थेंब तेल पडलं की संपलं, हा नियम मॅडमनी पहिल्याच दिवशी दारावर लिहून लावलता आणि आठवड्यानं स्वतःच टेबलावर मिसळ खाताना सापडल्या.

जानेवारीत मजा आली. १२ जानेवारी म्हणजे चार हुतात्म्यांचा दिवस, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा आणि कुर्बान हुसेन, १९३० च्या मार्शल लॉनंतर चौघांना १९३१ साली ह्याच दिवशी येरवड्यात फाशी दिली. त्या आठवड्यात शाळा येतात आणि त्याच आठवड्यात गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा सुरू होते, म्हणजे गावाकडची लोकं होम मैदानावरून फिरत फिरत सावली आणि पाणी बघून आमच्याकडं शिरतात. मला गाइड केलं. मी रात्रभर पाठ करून गेलते, मार्शल लॉ, तिरंगा, सगळं, आणि चौथीतल्या एका पोरानं मध्येच हात वर केला, “दीदी हे तेच का, चौकातले चार पुतळे?” मी म्हणलं हो. “माझे पप्पा म्हणतात चार पुतळ्यापाशी उतर, मला वाटलं स्टॉपचं नाव आहे.” सगळी पोरं हसली, मी पण हसले, पण मग मी पाठ केलेलं सोडलं आणि त्याच्या स्टॉपपासूनच सुरू केलं, पोरांनी पंधरा मिनिटं कान देऊन ऐकलं. आजी लोकांचं वेगळंच, त्यांना इतिहासात काही इंटरेस्ट नाही, जुनं जातं आणि पितळेची घंगाळं बघून म्हणायच्या, “हे तर आमच्यात अजून आहे, एवढं बघायला दहा रुपये?” त्यातल्या एकीनं मात्र दारातल्या उखळाचं तोंड कसं घडवतात ते मला बसून सांगितलं, ते पण लिहून ठेवलंय.

आता तक्रारी. एक, पैसे शून्य. स्टायपेंड नाही हे आधीच सांगितलं होतं, मान्य, पण विडी घरकुलकडून यायला जायला रिक्षाचे रोज चाळीस जायचे आणि ३० दिवसांचे बाराशे होतात, ते माझ्यासाठी थोडे नाहीत. निदान जाण्यायेण्याचं द्यावं. कुणी म्हणेल की सरकारच्या योजना आहेत की, पण पीएम इंटर्नशिप २०२४ ला सुरू झाली तेव्हा महिना ५ हजार होते पण वय २१ ते २४ लागायचं आणि फुल टाइम शिकणारा चालायचा नाही, आणि जागा मोठ्या कंपन्यांमध्ये. आपण नियमित एमएवाले त्यात बसत नव्हतो. त्यामुळं होतं काय, फुकट काम करणं ज्यांना परवडतं तेच म्युझियममध्ये शिकतात, आणि धोटा ओळखणारी पोरगी रिलायन्सच्या काउंटरला उभी राहते. माझ्यासोबत लेटर घेऊन आलेली एक होती, तिनं तिसऱ्या दिवशी सोडलं, तिला घरी पैसे द्यावे लागतात.

दोन, बाथरूम. किल्ली ट्रस्टच्या ऑफिसात, ऑफिस अकराला उघडतं, आम्ही दहाला. ह्यावर जास्त लिहीत नाही, पोरींना कळेल.

तीन, सर्टिफिकेट. १२० तास फेब्रुवारीत संपले, पत्रा तापायला लागलता, कागद मिळाला एप्रिलमध्ये. सेक्रेटरी साहेब गावाला, मग शिक्का सापडेना, मग लेटरहेड संपलं. आणि आलेल्या सर्टिफिकेटवर माझ्या आडनावात चूक आणि कामाचं स्वरूप काय लिहिलंय तर ‘साफसफाई, नोंदी व इतर अनुषंगिक कामे’. साफसफाई आधी! मी परत गेले, आडनाव सुधारून मिळालं, साफसफाई तशीच आहे. म्हणून सांगते, पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून घ्या की मी इथं नेमकं काय पूर्ण करणार, किती वस्तू, किती नोंदी, आणि खाली सही. माझ्या शेवटी २१४ नोंदी झाल्या, ते मी स्वतः मोजलं म्हणून माहीत, ट्रस्टला विचारलं तर ‘बरंच काम केलं पोरीनं’. आणि रोजचं काम आपल्या वहीत तारखेनं लिहा, माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टची अर्धी पानं त्या वहीतूनच आली.

पुढं कुणाला ह्यातच जायचं असेल तर बडोद्याला १९५२ पासून म्युझिऑलॉजीचा विभाग आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाकडं पण कोर्स असतो. मी चौकशी केली, फी आणि मुंबईचं राहणं ऐकून फोन ठेवला. सध्या मोडी शिकायलेय, मॅडम म्हणाल्या कपाटातल्या दोन पेट्या मोडी कागदांच्या आहेत आणि वाचणारं कोणी नाही.

नान्नजचं राहिलंच. ती इंटर्नशिप नाही, क्रेडिट नाही, एक रात्र फक्त. १९७९ पासून ते माळढोक पक्ष्याचं अभयारण्य आहे, आणि बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर प्राणी मोजतात, त्याला वनविभागात आधी नाव द्यावं लागतं. चुलतभावानं माझं नाव घातलं. मचाणावर दोघी, एक पाण्याची कॅन, तक्ता आणि पेन, टॉर्च लावायचा नाही, बोलायचं नाही, चांदणं एवढं की तक्ता तसाच दिसत होता. काळवीट आले, कळपच, तहानलेले, पाय पाण्यात घालून उभे राहिले. पहाटे तीनच्या सुमारास एक लांडगा आला, पाणी प्यायला, मान वर करून सरळ आमच्याकडं बघितलं आणि आला तसा गेला. तक्त्यात ‘लांडगा १’ लिहिलं तेव्हा हात कापत होता. माळढोक नाही दिसला. सकाळी तक्ता जमा केला, गार्डनं प्रत्येक आकडा विचारला, ह्याला किती वाजता, कुठून आला, कुठं गेला. आम्ही मोजलेलं कुणीतरी खरंच वाचत होतं, पाच स्टार त्याचे.

तर म्युझियमला साडेतीन. एक पत्रिकांचा कापला, अर्धा बाथरूम आणि सर्टिफिकेट मिळून. पैशाचा कापला नाही कारण ते आधी सांगितलेलं होतं. जायचं असेल तर पाण्याची बाटली आणि स्वतःची मोजपट्टी न्या, तिथली टेप पहिले चार इंच तुटलेली आहे, माझ्या सुरुवातीच्या अकरा नोंदी त्यामुळं परत कराव्या लागल्या.

मागच्या रविवारी नान्नांना घेऊन गेले. धोटा आता काचेच्या पेटीत आहे, खाली पाटी, माझ्याच अक्षरात. नान्नांनी दोघांचे वीस रुपये दिले, पाटी वाचली, बराच वेळ वाकून बघितलं आणि म्हणाले, “पालथा ठेवलाय.” खरंच, चाकं दिसावीत म्हणून कुणीतरी उलटा करून ठेवलाय, डोळा दिसतच नाही. मॅडमना लगेच फोटोसकट मेसेज टाकला, अजून निळी टिक आलेली नाही.